हजेरी

मांगोरच्या पाण्याच्या टाकीखाली
सिमेंटचा एक ओटा होता. अजून आहे.
रविवारी दुपारी, हुमण-भात खाऊन गाव निजलं की
ग्रासियान मेस्त यायचे,
दोन्ही खांद्यांना एकेक पेटी,
काखेत लाल पुठ्ठ्याचं लांबोडं हजेरीपुस्तक.

आठवडाभर इगर्जीच्या शाळेत सोल्फा शिकवायचे.
तिथली पोरं एकेक करून
लिस्बनच्या कागदावर विलायतेला गेली,
मागाहून त्यांची स्वतःचीही.
व्हायोलिनं मागं राहिली. ती आमच्याकडं आली.
आम्ही चंदगडची बावीस घरं,
कुणी बंदरात, कुणी गवंड्याच्या हाताखाली,
आई आणि मी काजूच्या कारखान्यात.
गाव आम्हाला भायले म्हणायचं.
मेस्त म्हणायचे, भायले? बरें.
भायरच बसया. वारो बरो येता.

माझी बोटं काजूच्या चिकानं सोललेली,
तार कुठं संपते आणि कातडी कुठं लागते
कळायचं नाही.
त्यांनी खोबरेल चोळलं, फुंकर घातली,
म्हणाले, आनीक एक पावट.

रवळूला सूर कधीच लागला नाही.
त्याला त्यांनी घोडी बसवायला शिकवलं,
तार ताणायला, फाटलेलं लाकूड सरसानं सांधायला.
राळेची भुकटी पांढरी, बंदरावरची काळी,
दोन्ही व्हायोलिनच्या पोटावर बसायच्या.
मेस्त एकाच रुमालानं पुसायचे.
संध्याकाळी तो रुमाल पारव्यासारखा दिसायचा.

मग नोटीस आली.
पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा आणा.
भाटकारानं कधी पावती दिली नव्हती,
रेशनकार्डं गावाकडची.
मामलेदार कचेरीत मेस्त आमच्या पुढं उभे,
टेबलावर अकरा हजेरीपुस्तकं.
सगळं रोमी अक्षरांत. आम्हाला वाचता येत नव्हतं.
सांग्याची एक कारकून बाई होती,
ती बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागली
आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं
आमच्याबद्दल काय लिहिलंय:

नरसू गैरहजर. कोळशाची बोट लागली.
सुबराव, नवा. पायात काही नाही. तालाला पक्का.
तुळसा हजर. बोटं सुजलेली, नुसती ऐकत बसली.
रवळू हजर. अरे देवा.
सगळे गैरहजर. धो धो पाऊस. मी होतो.

हा सरकारी कागद नव्हे, बाई म्हणाली
आणि पान उलटलं.
तिची जेवणाची सुट्टी टळून गेली.
मागच्या बाकावर आई तोंडाला पदर लावून बसली होती,
हसत होती की काय, मी विचारलं नाही.

नऊ घरांना शिक्का मिळाला.
तेरा घरांना नाही.
ती बिर्ल्याच्या बाजूला सरकली,
पोरं रविवारी बसनं येऊ लागली,
तिकिटाचे पैसे मेस्तांच्या पेन्शनातून,
आणि पुस्तकात नवा रकाना: बस चुकली.

गेल्या नाताळाआधी मेस्त गेले.
सिमितेरीत आम्ही वाजवलं. रवळू मागं उभा,
कुणाची तार उतरली तर म्हणून.
विलायतेहून मुलगी आली होती, घर रिकामं करायला.
अठरा पुस्तकं अंगणात मांडून म्हणाली,
तुमच्यातलं कोण कोण आहे यात?
आम्ही उकिडवे बसून आपापलं नाव शोधलं.
तोवर मला रोमी वाचता येत होतं.
तिनं शेवटी विचारलं, माझं आहे का?
नव्हतं.
ती इगर्जीच्या शाळेत शिकली होती. ती पुस्तकं शाळेनं रद्दीत घातली.

नवं पुस्तक घ्यायला वास्कोत गेले.
दुकानदार म्हणाला, शिक्का कुठल्या शाळेचा मारू?
म्हटलं, कोराच ठेव.

आज आठ पोरं. त्यातली तीन झारखंडची,
त्यांना आमची भाषा येत नाही, आम्हाला त्यांची.
पानावर काळी धूळ बसलेली,
तळव्यानं पुसली, तारीख घातली.
एकाचं नाव दोनदा विचारलं.
तो लाजून तिसऱ्यांदा सांगतोय.